तानुबाईची नोंद

नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून अनसाबाईंनी ती उजेडात धरली. गावच्या टाकीत जंतू मारायची पावडर पडली असती, तर पाणी पिवळं झालं असतं. ते होतं तसंच राहिलं.

"पावडर कवा टाकली हुती, आप्पा?"

"टाकू की," सरपंच हौसराव म्हणाले. "जत्रा तेवढी होऊंद्या. तवर रिपोर्टात अपचन लिवा, सिस्टर. पावनं यायला लागल्यात."

अनसाबाई एकवीस वर्षं दौंड तालुक्यात आरोग्यसेविका होत्या. तीन दिवस घरोघर फिरून त्यांनी जुलाब-उलट्यांचे सतरा रुग्ण शोधले होते. सतराही जण याच टाकीचं पाणी पिणारे. त्यातली, ऊसतोडीला येऊन गावाकडेच्या पाचटाच्या कोपीत राहणारी तानुबाई सकाळी दवाखान्यात नेताना गावच्या वेशीतच गेली.

"ती आपल्या गावची न्हाई. तिला कशाला धरता?" हौसराव म्हणाले. "ही त्या कोपीवरच्या लोकांचीच घाण हाय."

"पहिला पेशंट तुमच्या आळीतला. कोपीवर दोन दिसांनी लागण झाली. पाणी ती हितलंच प्याली, आन् गेली बी हितंच."

"बदली व्हईल. इचार करा."

"करा की बदली. पर टाकी आज बंद."

त्यांच्या देखतच अनसाबाईंनी तालुक्याला फोन लावला. दुपारी पथक आलं. गटारीतून गेलेली पाइपलाइन फुटलेली सापडली. टँकर सुरू झाला. जत्रा निम्मीच भरली. गावानं अनसाबाईंशी बोलणं टाकलं. त्या मात्र रोज दारोदार जाऊन पाणी उकळायला सांगत राहिल्या. पाचव्या दिवसानंतर नवा रुग्ण आला नाही. पण तसं कुणी बोलून दाखवलं नाही.

नवव्या दिवशी बदलीचा कागद आला. शिरूर तालुक्याचं पार दुसरं टोक.

नव्या सिस्टरना त्या रजिस्टरं सोपवत होत्या, तेव्हा तानुबाईचा नवरा गोकुळ चपला काढून दारात उभा राहिला.

"बाई, लोक म्हंत्यात, ती हितं मेलीच न्हाई. तुमी काय लिवलंय?"

अनसाबाईंनी रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं आणि वाचून दाखवलं. "मृत्यू एक. तानुबाई गोकुळ, वय चौतीस. कारण, दूषित पाण्यानं जुलाब."

"नाव कुठं हाय तिचं?"

त्यांनी ओळ दाखवली. गोकुळनं बोट सदऱ्याला पुसलं आणि हलकेच त्या नावावर टेकवलं.

नव्या सिस्टर सहीसाठी पेन उघडून बसल्या होत्या.

"थांबा जरा," अनसाबाई म्हणाल्या. "त्यांचं होऊंद्या."