टाचेतली शिवण

टेलरमास्तरांची टाचेमागची कंडरा, म्हणजे पोटरीला टाचेशी बांधून ठेवणारी दोरी, बॅडमिंटन खेळताना तुटली. या वयात हे थेर कशाला, असं विचारायची सोय नव्हती; व्याह्यांना हरवायचं होतं. ऑपरेशन झालं, जखम भरली, मास्तर पुन्हा मशीनचं पायडल मारू लागले. आणि वर्ष उलटून गेल्यावर टाचेमागे फोड आला, फुटला, त्यातून निळ्या दोऱ्याचं टोक डोकावलं.

दुसरा कुणी डॉक्टरकडे धावला असता. मास्तर पडले हाडाचे शिंपी. टोक सुटलं म्हणजे शिवण उसवणार, शिवण उसवली की पाय गेला, पाय गेला की दुकान गेलं! त्यांनी चिमट्याने टोक धरलं, त्याला पांढरा दोरा जोडून पक्की गाठ मारली आणि वर मोजा चढवला. केवढी ही अक्कल! टाचेने लगेच दाद दिली. टम्म फुगली.

बायकोने मोजा ओढला आणि मास्तरांना दवाखान्यात नेऊन पालथं पाडलं.

"निळा माझा," डॉक्टर टाच न्याहाळत म्हणाले. "पांढरा कुणाचा?"

"तुमची शिवण सुटत होती," मास्तर उशीत तोंड खुपसून म्हणाले. "सांभाळून घेतली."

"उपकार झाले! अहो, कंडरा केव्हाच जुळलीय. दोरा आता शरीराला परका वाटतोय, म्हणून बाहेर ढकलतंय. होतं असं कधीकधी, वर्षांनीसुद्धा. पण तुमच्या गाठीने आत पू झालाय. दोरा राहिला तर कंडरा खरंच सडेल."

"आणि काढला तर उसवेल!"

"अहो, काढू द्या," बायको म्हणाली. "तुमची शिवण किती टिकते, ते गिऱ्हाइकं सांगतातच की रोज."

जागा बधिर करून निळा-पांढरा गुंता बाहेर काढला. मास्तर डोळे मिटून पाय सुटायची वाट बघत राहिले. सुटेना.

जखम सुकल्यावर त्यांनी दुकानाचं दार लोटलं आणि जीव मुठीत धरून पायडल दाबलं. चाक फिरलं. आत एकही टाका नाही, तरी पाय शाबूत! मास्तरांचे डोळे भरून आले. मग हळूहळू धंद्याचा अपमान ध्यानात आला.

तेवढ्यात व्याही दार ढकलून आत शिरले. बॅडमिंटनपायी त्यांची पँट मागून उसवली होती.

"व्याही, दोन टाके घाला बघू पटकन."

"टाके कशाला?" मास्तर म्हणाले. "घालून हिंडा वर्षभर. जुळेल आपोआप."