भिंतीची अकरा भोकं

घरामागच्या उतारावर आप्पांनी बाग केली, ती दोन पुरुष उंच भिंत बांधून. पाया कमरेइतका खोल, दगड चुन्यात बसवलेले, भिंत वर जाताना डोंगराकडे किंचित कललेली. मागचं पाणी सुटायला तळाशी अकरा भोकं. येळ्ळूरचा पाऊस दगडांनी अडत नाही, त्याला वाट द्यावी लागते, असं ते म्हणायचे.

गेल्या श्रावणात मी नागपंचमीसाठी माहेरी आले. आप्पा बेळगावला गेले होते. भिंतीच्या एका भोकातून साप निघाला, आणि माझं मूल रांगतं होतं. मी कपच्या आणि माती ठासून सगळी भोकं बुजवली. मग दोन दिवस पाऊस खळला नाही.

पंचमीच्या सकाळी परतलेल्या आप्पांना दोन भोकं बंद दिसली. बाकीची दोडक्याच्या वेलाआड होती. त्यांनी पहार उचलली.

“आवो, आज पंचीम हाय. भुईत लोखंड घालू नगा,” आई म्हणाली.

“का, नागोबा कोर्टात जाईल व्हय?” ते हसले, पण पहार खाली ठेवली. “दोनच बुजल्यात. उद्या बघू.”

मी शेजारीच उभी होते. अकराही बंद आहेत, हे मी बोलले नाही. ऐन सणात नागाची वाट बुजवली म्हणून आई रागावेल, एवढंच माझ्या मनात होतं.

दुपारी भिंत कोसळली. आप्पा तिच्या पायथ्याशी गाय सोडवायला गेले होते; ते ढिगाऱ्यातून परतले नाहीत.

यंदा भरमा गवंडी तीच भिंत पुन्हा बांधतोय. मातीच्या अंगाला त्याने पाणी झिरपायला दगडगोट्यांची भर घातली.

“आक्का, भोकं किती ठेवू?”

“अकरा.”

आई पायरीवर बसली होती. वर्षभर म्हणत होती तेच पुन्हा म्हणाली, “मीच त्यांचा हात धरला, माले.”

तेव्हा मी तिला सांगितलं. साप, कपच्या, वेल, सगळं.

ती म्हणाली, “तवा बोलली असतीस, तर पहार मीच हातात दिली असती.”

ती उठली. काठी घेऊन भिंतीपाशी बसली आणि एकेका भोकातला सांडलेला चुना काढत मोजू लागली. अकरा झाल्यावर तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.