थोरली भांडत नाही

किल्ली तळहातावर पडली ती गरम होती... म्हणजे बराच वेळ थोरलीच्या मुठीत असणार. पितळी, भोकाशी झिजलेली, एका बाजूला हिरवट डाग — हा लिंबाने जाईल — एवढंच धाकटीच्या मनात आलं, कारण दुसरं काय यावं ते तिला कळेना. जिन्याखालच्या खोलीची किल्ली होती ती. एका घराचे दोन मजले, खाली थोरली जाऊ, वर धाकटी, आणि मधल्या जिन्याखाली ही अंधारी खोली, जिच्यात एक मोडकी खाट आणि रंगाचे सुकलेले डबे यापलीकडे काही नव्हतं आणि जिच्यापायी दोघींनी एकोणीस वर्षं एकमेकींचा उद्धार केला होता.

"घे. तुलाच राहू दे," थोरली म्हणाली. "मला काय करायचीय आता."

धाकटीने त्या वाक्यातला टोमणा शोधला. दुकानात कोट उलटा करून उजेडात धरतात तसं ते वाक्य धरून पाहिलं. टोमणा नव्हता. तिला संताप आला. एवढी वर्षं जिच्यासाठी तोंड झिजवलं ती वस्तू अशी, शिळा तुकडा टाकावा तशी — आणि वर चेहरा हा असा, धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखा कोरा!

"बघू नंतर," म्हणत तिने किल्ली पर्समध्ये टाकली. "चला, टॅक्सी उभी आहे."

तिला थोरलीबरोबर हॉस्पिटलात जायचंच नव्हतं. भाऊजींना सुटी मिळेना, म्हणून नवऱ्याने तिला परस्पर देऊन टाकलं होतं — "ही जाईल ना, हिचं दुकान सोमवारी बंद असतं" — जशी काही ही सोमवारी कुणालाही उसनी मिळते. बाकीचे सहा दिवस ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या टेबलाशी उभी असते, लोकांच्या कपड्यांवरच्या डागांभोवती खडूने गोल काढते आणि डाग कशाचा ते ओळखते. गिऱ्हाईक चहा म्हणतं, असतं औषध. गिऱ्हाईक म्हणतं माहीत नाही, आणि त्याला पक्कं माहीत असतं. बावीस वर्षांत तिला एक कळलं होतं, माणसं डागाबद्दल खोटं बोलतात. त्या कामाचा वास तिच्या अंगात मुरला होता, आणि लग्न होऊन आली तेव्हापासून थोरली तिला तोंडावर 'रॉकेलची बाटली' म्हणत आली होती.

टॅक्सीत थोरली खिडकीला चिकटून बसली, हातातली कापडी पिशवी पोटावर गच्च धरून. त्या पिशवीखाली दुसरी पिशवी होती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणीही तिचं नाव घेत नव्हतं. आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, सलाइनमधून द्यायची औषधं झाली, रिपोर्ट स्वच्छ आला, शौचाची पिशवी मात्र पोटावर राहिली, कायमची. आणि बाई कोण, तर जिन्यावर एक शिंतोडा दिसला की बादली घेऊन धावणारी, आणि धावता धावता वरच्या मजल्याच्या सात पिढ्या काढणारी.

"काच खाली करू का?" धाकटीने मुद्दाम विचारलं. "माझा वास येत असेल."

"चालेल."

"नको असेल तर राहू दे."

"तसंही चालेल."

चालेल! सहा महिने हा एकच शब्द. सूप आळणी झालं, चालेल. नणंद चार दिवस राहून कपाट उचकटून गेली, चालेल. मागच्या आठवड्यात धाकटीने गळकी छत्री मुद्दाम थोरलीच्या दारात उघडून ठेवली होती, एरवी त्यावर महिनाभर पुरेल एवढं भांडण झालं असतं — थोरलीने ती झटकून, मिटून, वर आणून दिली. मिटून! आणि लोक म्हणतात काय, तर किती शांत झाल्या. नणंदेचं ठरलेलं, "दुखण्याने सोनं झालं गं तिचं." भाऊजी डोळे पुसत सांगतात, एवढी समजूतदार ती कधीच नव्हती. गाढवं सगळी. यांना ती कधी कळलीच नव्हती... मला कळते. झाकण आपटण्यावरून मी सांगते आज कुठल्या विषयाला तोंड फुटणार ते. वैरिणीला जेवढं पाठ असतं तेवढं नवऱ्याला कुठून असणार? आणि मी सांगते, सोनं-बिनं काही नाही हे. राहणारं माणूस निघून गेलं की घर असंच शांत असतं.

हा विचार तिला आवडला नाही. आपल्याला काय, म्हणून तिने बाहेर पाहिलं.

डॉक्टरांनी तीन मिनिटांत पोट पाहिलं, कागद पाहिले, "उत्तम! आता तीन महिन्यांनी या," म्हणाले. धाकटी थोरलीच्या तोंडाकडे बघत होती. अशा वेळी काहीतरी हलतं माणसाचं... पापणी, ओठाचा कोपरा. काही हललं नाही. डॉक्टर जणू दुसऱ्याच कुणाच्या पोटाबद्दल बोलत होते.

बाहेर जमिनीला जखडलेल्या खुर्च्यांच्या रांगेत दोघी बसल्या. नर्सचा एक कागद भरून द्यायचा राहिला होता.

"तू फार धावपळ केलीस," थोरली फरशीकडे बघत म्हणाली. "सगळ्यांनीच केली. आता फार दिवस त्रास नाही द्यायची मी कुणाला."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. यांना वहीत सगळं लिहून दिलंय. दूध कुणाकडून, कुठलं कुलूप कुठे. हातातली वस्तू सापडत नाही ना त्यांना."

रिपोर्ट स्वच्छ, आणि बाई कुलपं लिहून ठेवते... तिला उठून चालू लागावंसं वाटलं. कशाला कीव करायची हिची? हिने केली होती? पाचव्या महिन्यात धाकटीचं पोट रिकामं झालं तेव्हा ही काय म्हणाली होती — "कपड्यांची गाठोडी घेऊन जिने चढलीस, दुसरं काय होणार!" धाकटी तेव्हा एक अक्षर बोलली नव्हती. आठ महिने बोलली नव्हती. हसायची, कामावर जायची, वाढलेलं खायची, आणि जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभी राहून खाली बघत राहायची. सगळे म्हणायचे, धीराची आहे पोर. मग एके दुपारी थोरलीने जिन्याखालच्या खोलीतला पाळणा, खोक्यातून न काढलेला, रस्त्यावर फेकला, दाराला कुलूप घातलं आणि वर बघून ओरडली, "फेकला! काय करणार आहेस?" त्या दिवशी धाकटी जी ओरडली ती गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेली. तिथून वैर. तिथून ती पुन्हा नीट जेवायलाही लागली, कारण भांडायला ताकद लागते.

नर्स आली, गळ्यात दोरीने पेन अडकवलेली. कागदावर उभा तापमापक छापला होता, खाली शून्य, वर दहा. "काकू, आठवडाभरात मनाला किती त्रास झाला, तिथे खूण करायची. बरोबर-चूक असं काही नाही."

थोरलीने शून्यावर खूण केली. सुबक.

"अरे वा, शून्य!" म्हणत नर्सने कागद घ्यायला हात पुढे केला.

"खोटं आहे ते," धाकटी म्हणाली.

नर्सने वळून पाहिलं. "तुम्ही कोण यांच्या?"

"जाऊ. आणि आमचं पटत नाही, तेव्हा मायेने बोलतेय असं समजू नका. माझ्या पायाखाली यांची खोली आहे, या झोपत नाहीत, येरझाऱ्या घालतात. जपलेल्या वस्तू वाटून टाकतायत. आत्ता मला म्हणाल्या, आता फार दिवस त्रास देणार नाही. डॉक्टर उत्तम म्हणाले आणि या असं म्हणाल्या."

"गप्प बस!" थोरली गर्रकन वळली. "तुला कुणी विचारलं? माझ्या मनात नाक खुपसणारी तू कोण?"

तो आवाज. सहा महिन्यांनी तो आवाज... धाकटीच्या अंगात वीज गेल्यासारखं झालं. अजून, अजून एक, असं काहीसं. ती गप्प बसली नाही.

"मग तुम्ही सांगा! सांगा की ती पोटावरची पिशवी लागल्यापासून जगणं नकोसं झालंय!"

रांगेतली माणसं वळली. थोरलीचा हात उठला — मारायलाच — आणि तसाच खाली आला, मांडीवर पडला.

"मला माझाच वास येतो," ती म्हणाली. एवढ्या हळू, की धाकटीला वाकावं लागलं. "सगळे म्हणतात येत नाही. तूही म्हण, नाही येत."

वासाबद्दल खोटं बोलणं धाकटीला जमलं असतं. रोज काउंटरवर बोलते ती.

"कधी कधी येतो," ती म्हणाली. "थोडा. पिशवी नीट बसली नाही की."

थोरलीने डोळे मिटले. तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो रडण्याचाही नव्हता, कुणीतरी खूप दिवसांनी गाठ सोडावी आणि कापडाने श्वास घ्यावा तसला काहीतरी. नर्स तिच्यासमोर उकिडवी बसली, गुडघ्यावर हात ठेवला आणि सरळ विचारलं, "काकू, जीव नकोसा वाटतो? मरून जावं असं येतं मनात?"

असं कुणी विचारतं का! धाकटीला वाटलं, आता ही नाही म्हणणार. थोरलीने मान हलवली. होकाराची.

"बरं झालं बोललात. अशांसाठीच आमच्या एक डॉक्टर आहेत, आज त्यांना भेटल्याशिवाय घरी नाही जायचं. मी येते बरोबर."

"वेड्यांच्या डॉक्टर?"

"दुखणं आहे हे काकू, आणि याला औषध आहे. चला."

थोरली उठली. दारापाशी थांबली. "ही आत नको," नर्सला म्हणाली, आणि मग धाकटीकडे न बघता, "हिला नका सांगू काही. हिला सगळं ठाऊक आहे. ही आठ महिने अशीच हसत फिरत होती, घरात एकाला दिसलं नाही."

दार लागलं.

धाकटी बसली. घरात एकाला दिसलं नाही... मग हिला? हिला दिसलं होतं? दिसलं, आणि तिने काय केलं तर पाळणा फेकला. छे, छे. ती तसली बाई नव्हे, कुणाचं भलं करायचं असतं तर आधी दहा घरं सांगून आली असती. तो दुष्टपणाच. मी उभी आहे त्यावर इतकी वर्षं, आता तेही पायाखालून ओढून घेणार का ही? ...पण मग मी आत्ता काय केलं? भर गर्दीत त्या पिशवीचं नाव घेतलं, ते काय म्हणून? राग होता. नक्की राग होता. का फक्त राग होता? तिने तोच रोजचा राग पुन्हा आणून पाहिला. आला, पण त्याला कुठे ठेवावं ते कळेना.

आतून काही ऐकू येत नव्हतं. कधी एकदा ती आत ओरडते, त्या डॉक्टरीणबाईला चार शब्द सुनावते, म्हणून कान तिकडे लागले. विचारायचं होतं तिला. आज नाही, या महिन्यातही नाही. कधीतरी, भांडण ऐन रंगात असताना, तोंडावर विचारायचं होतं, त्या दुपारी वर बघितलंत ते कशासाठी? आणि ती खरं सांगणार नाही, पुन्हा विचारावं लागेल, वर्षानुवर्षं विचारावं लागेल. तोवर ती असायला हवी... हे मनात आलं आणि धाकटीला स्वतःची एवढी चीड आली की डोळे भरून आले.

शेजारच्या खुर्चीवरची अनोळखी बाई तिच्याकडे कळवळून बघत होती. "बहीण का हो तुमची?"

"नाही," धाकटी फाडकन म्हणाली, आणि पर्समधली किल्ली काढून तिच्यावरचा हिरवट डाग अंगठ्याने घासू लागली.