सात एकांची संख्या

बालाघाटच्या एका मिडल स्कूलमध्ये गणित शिकवणाऱ्या टिकाराम मास्तरांनी १९६४ सालची अख्खी उन्हाळ्याची सुट्टी एका संख्येवर घालवली. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. ओळीने सात एक. तिला कशाने पूर्ण भाग जातो, हे त्यांना शोधायचं होतं. दोनपासून हजाराच्या पुढपर्यंत सगळ्या मूळ संख्यांनी त्यांनी भागून पाहिलं. भाग गेला नाही. म्हणजे हीसुद्धा मूळ संख्याच, असं वहीत लिहून त्यांनी खाली सही केली.

लांजीच्या शाळेतले गणिताचे मास्तर दुलीचंद रविवारी वही पाहायला येणार होते. वही घामानं, शाईनं खराब झालेली. मास्तरांनी ती बायकोला, मैनाला, नव्या वहीत उतरवायला दिली. मैना चौथीपर्यंतच शिकलेली, पण तिचं अक्षर चांगलं होतं.

शनिवारी ती म्हणाली, "अवो, दोनशे एकोणचाळीसनं भाग जाते."

"नाही जात. चव्वेचाळीस उरते."

"तुमची वजाबाकी चुकली. पंधराशे एक्कावन्नातून चौदाशे चौतीस गेले तं एकशे सतरा रायते. तुमी एकशे सत्तावीस लिवलं."

"तुले उतरवाले सांगितलं होतं. भागाले काहून बसली?"

"उतरवता उतरवता करून पाह्यलं. मजा आली."

मास्तर पाटी घेऊन अंगणात गेले. काहीतरी उरू दे, या आशेनं त्यांनी चार वेळा भागाकार केला. चारही वेळा खाली शून्य आलं. आपली दीड महिन्याची मेहनत, आणि हिला मजा आली!

रविवारी दुलीचंद खाटेवर टेकतात न टेकतात तोच मास्तर बोलले, "फुटली! दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास. कालच सापडलं मले."

"वा भई! आन् ते चार हजार सहाशे एकोणपन्नास फुटते का?"

ते मास्तरांनी पाहिलंच नव्हतं.

"नाही फुटत, भाऊजी," चहा घेऊन आलेली मैना म्हणाली. "सदुसष्टपर्यंत भागून पाह्यलं. पुढची मूळ संख्या एकाहत्तर. तिचा वर्ग पाच हजाराच्या वर जाते, मंग पाह्याची गरजच नाही."

दुलीचंदांनी कप खाली ठेवला आणि ते तिच्याकडे वळून बसले. मग अर्धा तास ते तिलाच विचारत राहिले, तीही भरभर सांगत राहिली. मास्तरांकडे कोणी पाहत नव्हतं. शेवटी तेच बोलले, "हे मैनानं शोधलं. माझी वजाबाकी चुकलती."

"हौ, समजलं मले," दुलीचंद म्हणाले.

खरं सांगितल्यावर हलकं वाटेल, असं मास्तरांना वाटलं होतं. तसं झालं नाही.

पाहुणा गेल्यावर मैना म्हणाली, "आठ एकाले अकरानं भाग जाते, नवाले तीननं, दहाले परत अकरानं. आता अकरा एक पाह्याचे का?"

मास्तरांनी वहीचं नवं पान उघडलं. मग म्हणाले, "पाचशेपर्यंत तू पाह्य. पुढचं मी पाह्यतो."

एवढ्या मोठ्या संख्येला लहान संख्यांनी भाग जाणार नाही, सापडलं तर पुढेच, म्हणजे आपल्यालाच सापडेल, असा त्यांचा अंदाज होता.

"हौ," मैना म्हणाली आणि पाटी पुसायला लागली.