बेबाअक्काच्या वांग्याची मुदत

“बियाणं कुणाच्या बापाचं नसतं,” असं वक्ते म्हणाले आणि असोद्याच्या मारुतीच्या पारावर जमलेल्या साऱ्या माणसांनी मान वळवून बेबाअक्काकडे पाहिलं.

वक्ते जळगावहून जागतिक व्यापार कराराच्या डंकेल प्रस्तावाविरुद्ध बोलायला आले होते. १९९३ सालच्या त्या हिवाळ्यात डंकेल नावाच्या गोऱ्या साहेबाला आमच्याकडे जेवढ्या शिव्या पडल्या, तेवढ्या ऐन ओलिताच्या वेळी वीज गेल्यावरही पडत नसत. परदेशी कंपन्या बियाण्यांवर पेटंट घेतील, मग घरचं बी शेजाऱ्याला देता येणार नाही, असं वक्ते सांगत होते. लोक हादरले असावेत, असं त्यांना वाटलं. पण घरचं बी शेजाऱ्याला न देणं म्हणजे काय, हे असोदा गेली कित्येक वर्षं बघतच होता.

बेबाअक्काच्या भरताच्या वांग्याला तोड नव्हती. हिरवंगार, पांढऱ्या रेघांचं, कपाशीच्या काड्यांवर भाजलं की साल आपणहून बाजूला होणारं. गावात लग्न निघालं की मुलगी बघायला जायच्या आधी लोक अक्काकडे वांगी सांगून येत. अक्का वांगी कोवळीच विके, म्हणजे त्यांतून कुणाला बी मिळत नसे. बी धरायला एकच फळ झाडावर पिवळं होऊ देई, त्याला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधी आणि समोर बाज टाकून बसे. नवऱ्याच्या आजारपणातही ती उशाशी एवढी बसली नव्हती, असं शेजारचे पितांबरआबा म्हणत. अर्थात पितांबरआबांनी अनेकदा बी मागून पाहिलं होतं, तेव्हा त्यांच्या म्हणण्याला फार वजन नव्हतं.

“सासूनं मरताना शपत घातली,” अक्का सांगे. “बी सुनेलेच द्यायचं. लेकीले नई, गावाले नई.”

यात अडचण एवढीच की अक्काला मुलगा नव्हता, त्यामुळे सूनही नव्हती. एकुलती एक लेक प्रमिला पाचोऱ्याला दिलेली. आता अक्काची साठी उलटली होती, चालताना दम लागत होता. अक्का गेली की वांगंही जाणार, हे गावाला कळत होतं आणि अक्काला त्याहून जास्त. प्रमिला दिवाळीला माहेरी येई, साडी घेऊन जाई, पण त्या झाडाकडे चुकून बघत नसे. तिचं ते न बघणंच अक्काला झोंबे.

भाषण संपलं. “काही शंका?” वक्त्यांनी विचारलं.

पितांबरआबा उठले. “साहेब, तो डंकेल तं लांब राह्यते. गावातल्या डंकेलचं काय करायचं?”

हशा पिकला. अक्का जागेवरूनच म्हणाली, “आबा, मागच्या साली मह्या कुंपनातून वाकून काय पाहू राह्यले व्हते, तेही सांगा साहेबाले.”

“म्हैस पाहू राह्यलो व्हतो.”

“वांग्याच्या झाडाखाली?”

आबा बसले. अक्का पदर सावरून उभी राहिली. “साहेब, हे पेटंट किती वर्सं राह्यते?”

“वीस वर्षं, आजी.”

“अन् मंग?”

“मग संपतं. मग कोणीही ते बी लावावं.”

“कंपनी नई म्हनली तरी?”

“नाही म्हणायचा हक्कच उरत नाही.”

“येवढ्या मोठ्या कंपनीचं वीस वर्सांत सरते?”

वक्ते घोटाळले. डंकेलची बाजू मांडायला ते आले नव्हते. “सरतं, पण आजी, वीस वर्षं हा काळ फार...”

“फार कुठी?” अक्का म्हणाली. “मही सासू जाऊन तिसाच्या वर वर्सं झाली.”

सासूने मुदत घातलीच नव्हती, हे अक्काच्या बहुधा तेव्हाच ध्यानात आलं. मग “सासूपरीस डंकेल बरा,” असं म्हणून ती घराकडे चालू लागली. वक्त्यांनी घाईघाईने निषेधाचा ठराव मांडला. तो एकमताने मंजूर झाला. टाळ्या नेमक्या कशाला पडल्या, ते मात्र त्यांना जळगावला पोचेपर्यंत उमगलं नाही.

संक्रांतीला प्रमिला आली, तेव्हा अक्काने तिच्या हातात एक पुडी ठेवली.

“काय हाये?”

“वांग्याचं बी.”

“अन् आजीची शपत?”

“मुदत सरली.”

“कोनी सांगतलं?”

“डंकेलनं.”

प्रमिलाने पुडी मुठीत घट्ट धरली. मग हळूच म्हणाली, “आई, मले वाटे तू मले परकी धरते.”

“धरतच व्हती,” अक्का म्हणाली. “कायदा व्हता.”

उरलेलं बी तिने चिमूट चिमूट करून गावात वाटलं. पितांबरआबांना सगळ्यांत शेवटी, आणि जरा कमीच.

पुढच्या हिवाळ्यात असोद्यात घरोघर तेच वांगं लागलं. पितांबरआबांच्या नातीचं लग्न निघालं, पण अक्काकडे वांगी सांगायला कोणी आलं नाही. पत्रिका आली. एरवी लग्नघरी अक्का वांगी भाजायच्या आगटीजवळ बाजेवर बसायची, वांगी निवडून द्यायची, भाजणाऱ्यांना बोल लावायची आणि या साऱ्यात तिचं जेवायचं राहून जायचं. या खेपेला आगटीशी तिची बाज नव्हती. ती बायकांच्या पंगतीत जाऊन बसली.

भरीत वाढलं गेलं. शेजारच्या पाहुणीने एक घास खाऊन वाढप्याला विचारलं, “वांगी कोनाकडची हो?”

“घरचीच हायेत,” वाढपी म्हणाला.

पाहुणी अक्काकडे वळली. “चव चांगली हाये, नई?”

अक्काने घास सावकाश चावला.

“मीठ कमी हाये,” ती म्हणाली आणि भरीत घेऊन पुढे निघालेल्या वाढप्याला हाताने थांबवून तिने आपलं पान पुढे सरकवलं.