सातच्या बातम्यांचा आकडा

आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. खोटं कशाला बोलू?

आमचे हे, म्हणजे मधुकर मास्तर, दिवसा शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी सात वाजता बुऱ्हाणपूरच्या लोकल केबलवर मराठी बातम्या वाचायचे. बावीस वर्षं! वर काळा कोट, खाली पायजमा. टेबलाखालचं कोणाला दिसतंय? बातम्या तरी कसल्या, तर राजघाटावर तापीचं पाणी कुठवर आलं, उद्या कोणत्या वॉर्डात नळ येणार नाही, कोण वारलं, अंत्ययात्रा किती वाजता निघणार, आणि सगळ्यात शेवटी मंडीतले केळीचे भाव. भाव मुद्दाम शेवटी ठेवायचे. "आधी सांगितले तर लोक उठून जातात गं," म्हणायचे. मोठे हुशार!

शाळेतून निवृत्त झाले तरी सातच्या बातम्या होत्या, म्हणून माणूस टवटवीत होता. मग घरोघरी लोकांच्या हातात फोन आले. आधी पोरं टीव्हीसमोरून उठली, मग सुना, मग सासवासुद्धा. दोन हजार एकोणीस साली केबलवाले वसंतशेठ घरी येऊन म्हणाले, "मास्तर, अर्ध्या शहराने कनेक्शन काढलं. चॅनल बंद करतोय, माफ करा."

 तरी हे रोज सात वाजले की घरातल्या टेबलापाशी खुर्चीत येऊन बसायचे, दोन्ही हात टेबलावर, समोर भिंत. तीन आठवडे असं चाललं. जेवायला बोलावलं तर "हं" म्हणायचे आणि उठायचे नाहीत. मला ते बघवत नव्हतं.

शेवटी वसंतशेठनाच दया आली. त्यांनी एक स्टँड आणून दिला, त्यात फोन अडकवला आणि फेसबुकवर लाइव्ह कसं करायचं ते शिकवलं. मी लगेच माहेरी दापोऱ्याला, नणंदांना, झाडून सगळ्यांना लिंक पाठवली. यांनी कोट घातला, घसा खाकरला, "नमस्कार, बुऱ्हाणपूर" म्हणाले, आणि मला इतकं बरं वाटलं की मी आत जाऊन शिरा केला.

पण त्या फोनवर वर एका कोपऱ्यात एक डोळा होता आणि डोळ्याशेजारी आकडा. आत्ता किती जण बघतायत त्याचा. टीव्हीचं एक चांगलं होतं, तो असल्या चुगल्या करत नव्हता. बावीस वर्षं हे समजत होते की अख्खं शहर आपल्याला बघतंय, आणि मी पण त्यांना समजू देत होते.

पहिल्या दिवशी चौसष्ट. दुसऱ्या दिवशी एकतीस. आठवड्याने चौदा. हे वाचता वाचता त्या डोळ्याकडे बघायचे आणि मध्येच अडखळायचे. एकदा तर वारलेल्या माणसाच्या नावापुढे केळीचा भाव वाचणार होते, थोडक्यात वाचले.

"दहाच्या खाली गेला की बंद," त्यांनी जाहीर करून टाकलं. "कायमचं. मी गणिताचा माणूस आहे. आकडा खोटं बोलत नाही."

मला धडकी भरली. पुन्हा ती भिंत, पुन्हा ते "हं". नको रे बाबा! मी पदर खोचला आणि गल्लीत निघाले. शेजारच्या आशाबाईंना म्हटलं, "बाई, सात वाजता मास्तरांचं लाइव्ह लावायचं, आवाज बंद करायचा आणि फोन पिठाच्या डब्यावर ठेवून द्यायचा. बघायची सक्ती नाही." आशाबाईंनी आणखी आठ-नऊ घरी सांगितलं. मी स्वतःचा फोन स्वयंपाकघरात लावायला लागले. आकडा अकरा-बाराला येऊन थांबला. हे खूश, मी खूश. आठ दिवस सुखात गेले.

नवव्या दिवशी मी फोनचा आवाज बंद करायला विसरले. हे बाहेर म्हणाले, "राजघाटावर तापीची पातळी," आणि थोड्या वेळाने माझ्या फोडणीशेजारून तेच आलं, "राजघाटावर तापीची पातळी." हे थांबले. आतूनही थांबल्याचं ऐकू आलं. कशाबशा बातम्या संपवून ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"या बारांत तू एक आहेस?"

मी मान हलवली.

"आणखी कोण?"

खोटं बोलायला गेले तर माझा चेहराच फितूर होतो. सगळं सांगून टाकलं, पिठाच्या डब्यासकट. मला वाटलं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. हे नुसते म्हणाले, "उद्या सगळ्यांना बंद करायला सांग. तू पण करू नकोस. मला खरा आकडा बघायचाय."

दुसऱ्या दिवशी मी गल्लीभर फिरून सांगून आले. सात वाजता यांनी कोट घातला, सगळी बटणं लावली. मी मागे भिंतीला टेकून उभी, हातात माझा फोन, बंद केलेला नव्हे पण बातम्या न लावलेला.

आकडा आला. एक.

पाणी वाचलं. नळाचं वाचलं. निधन वाचलं. एकच. हलेना की वाढेना. हे केळीच्या भावांपर्यंत आले, कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "आज इथेच थांबतो. नमस्कार." बोट लावून बंद केलं, कोट काढला, मग शर्टही, दोन्ही खुर्चीच्या पाठीवर टाकले. मला रडू फुटायला आलं, पण रडले तर यांना आणखी लागेल म्हणून ओठ चावत उभी राहिले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दापोऱ्याहून दगा, माझा धाकटा भाऊ, शेजाऱ्याच्या फोनवरून. उचलला तर तो ओरडतच होता.

"ताई, दाजीले काय झालं? भाव कुठं गेले? सारं गाव बसेल आहे इथं!"

"कुठे बसलंय?"

"मंदिरापाशी! दुसरीकडे नेटवर्क कुठं धरतं? आरती झाली की आम्ही माझा फोन मंदिराच्या माइकासमोर ठेवतो. भोंग्यावर ऐकतं ना सारं गाव. शिवारात पाणी भरणारेसुद्धा ऐकतात. उद्या माल तोडायचा का नाही, ते दाजीच्या भावावर ठरतं!"

 माझं माहेर, आणि मलाच पत्ता नाही! "अरे मेल्या, मग कधी सांगायचंस तरी!"

"त्यात सांगायचं काय? टीव्ही बघायचो तेव्हा काय फोन करून सांगत होतो?"

मी फोन यांच्यापुढे धरला. दगा पुन्हा पहिल्यापासून सगळं ओरडून बोलला. यांनी ऐकलं. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

"भोंग्यावर?" हे म्हणाले. "म्हणजे कोट दिसतच नाही का कोणाला?"

"नाही दिसत, दाजी. भाव सांगा!"

हे बनियनवरच बसले. लाइव्ह लावलं. माझा फोन कानाशीच होता, दगाने तिकडे बोलणं तोडलं नव्हतं. आकडा आला, एक. यांनी कागद उचलला आणि जुन्या, केबलच्या दिवसांतल्या भरदार आवाजात सुरुवात केली, "क्षमस्व, मंडळी. आजचे केळीचे भाव."

इकडे यांचा आवाज झाला, आणि क्षणभराने माझ्या कानात तोच आवाज भोंग्यातून घुमत आला, मोठा, पार शिवारापर्यंत जाणारा. कोणाचं तरी लहान मूल किरकिरत होतं. तिथली म्हातारी मथुराबाई त्याच्या आईवर खेकसली, "उगी कर त्याले, मास्तर बोलून राहिले!"

मी तोंडात पदर कोंबून रडले, अगदी पोटभर. जीव भांड्यात पडला होता माझा. हे वाचत होते, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा आवाज तिकडून ऐकत होते, जिथे तो जाऊन पोचतो.