अर्ध्या पानाची वाकळ

"तुमची प्रेरणा कुठे आहे?" दामिनी मॅडमनं मले विचारलं, अन् मी सांगतलं, "ट्युशनले गेली."

चाळीस बाया हासल्या. कायले हासल्या थे मॅडमले कळलं नाई. माह्या पोरीचं नाव प्रेरणा हाय, नववीत हाय, अमरावतीत राजापेठेतच क्लासले जाते. तिथंच एका साडीच्या दुकानाच्या पायरीवर मशीन मांडून मी पिको-फॉल करतो. कोनी अचानक विचारलं, तुमची प्रेरणा कुठे, तं कोनती माय दुसरं काय सांगन?

"तशी नाही हो, चंदाताई. आतली प्रेरणा," मॅडम म्हनल्या.

माह्या डोक्यात तवाच भनभन सुरू झाली. आतली म्हने. माह्या आत काय हाय थे मले ठावं नाई काय?

पन मी चूप बसली, कारन गरज माही होती. मॅडमची संस्था नागपूरची, बायाइच्या हातच्या वस्तू विकनारी. चाळीस बायांतून एकीची वस्तू दिल्लीच्या मेळ्यात जानार होती अन् तिले वर्षभर घरी बसून शिवनाचं काम भेटनार होतं. तेरा वर्सं मी त्या पायरीवर बसली. लोक चढते, उतरते, माह्या तोंडासमोर सारा दिवस चपला. आता मालकाले दुकानाले नवी काच लावाची होती, उन्हाळ्यात पायरीच तोडनार होता. त्यानं उठवाच्या आंधी मले माह्या पायानं उठाचं होतं.

प्रेरणा भेटावी म्हनून आमाले बसनं चिखलदऱ्याले नेलं. पॉइंटवर सकाळचं असं धुकं की शेजारची बाई दिसे ना. मॅडम म्हनल्या, "डोळे मिटा आणि निसर्गाशी बोला." अशा धुक्यात डोळे मिटले काय अन् उघडे ठेवले काय. आमच्यातल्या तीस बाया निंदन करून, कापूस वेचून कंबर मोडलेल्या. निसर्ग त्यांच्या गुडघ्यांशी रोजच बोले, त्याच्यासाठी बसचं भाडं कायले लागते?

माह्या बाजूले जहाँआरा होती, अकोल्याची. क्रोशाचं काम करते. ती कानात म्हने, "मेरेकू तो ठंडी लगरी. ये निसर्ग कब तक बोलता?"

जहाँआराचा नमुना तिच्या घरातल्या मोरीच्या जाळीवरून काढला होता. रोज भांडे घासता घासता पाहे, अन् एक दिवस तशीच इनली. मॅडमनं त्याच्यावर लिवलं, मुघल जाळी.

"मैंने बोली, मोरी है. वो बोले, मुघल," जहाँआरा म्हने. "फिर मैं बोली, ठीक है. मुघलों के घर में भी मोरी तो होंगीच."

ती हासली. मले नाई हासू आलं.

परत येतानी परतवाड्याले बस थांबली. एक बाई टोपल्यात संत्री घेऊन बसली होती, खाली पाला आंथरला होता. मी संत्रं उचललं तं संगं एक पान आलं, अर्धं फाटलेलं. त्या पानावर नागअळीची वाट होती.

नागअळी म्हंजे संत्र्याची कीड. पानाच्या सालीखाली घुसते अन् आतून खात खात चालते. तिच्या मांगं पांढरी, चमकदार, वाकडीतिकडी रेघ पडते. अळी आंधी दोऱ्याएवढी, म्हनून रेघ बारीक. मंग खाऊन खाऊन फुगते तशी रेघ रुंद होत जाते. रेघेच्या मधातून एक काळी लकीर जाते, थे तिची घान.

हे मले कोन्या मॅडमनं नाई शिकवलं. माही माय चतुराबाई तीस वर्सं शेंदुरजनाघाटच्या नर्सरीत संत्र्याच्या कलमांवरची किडकी पानं तोडे. संध्याकाळी पदरात दोन-चार पानं माह्यासाठी आने, अन् मी त्या रेघेवरून बोट फिरवत बसो. आमच्या घरी दुसरं खेळनं नोतं.

थे अर्धं पान मी आधारकार्डाच्या पाकिटात ठेवलं अन् त्याच्यावरून वाकळ शिवली. वरून मायचं जुनं हिरवं पातळ, आतून माह्या दोन साड्या. एका कोपऱ्यात गव्हाएवढा टाका, पुढं वाढत वाढत बोटाएवढी पांढरी पट्टी, मधात काळा दोरा. दीड महिना लागला. बोटाची चाळन झाली. पन हे कोन्या गिऱ्हाइकानं सांगतलं म्हनून नाई, मले दिसलं म्हनून केलं, असं जिंदगीत पयल्यांदा झालं. मी खुश होती, कायले खोटं बोलू.

मॅडमनं वाकळ पाह्यली, वरून हात फिरवला. मंग म्हनल्या, "हीच जाणार दिल्लीला. आणि हा काळा दोरा किती सुंदर दिसतो."

"थे तिचं शेन हाय, मॅडम."

"कुणाचं?"

"अळीचं. नागअळीची वाट हाय ही."

मॅडमनं वाकळीवरचा हात मांगं घेतला. "कीड? चंदाताई, कीड म्हटल्यावर कोण अंगावर घेईल, तुम्हीच सांगा." मंग खुर्चीवर बसून त्यायनं एका जाड्या कागदावर चिठ्ठी लिवली अन् वाचून दाखवली: मेळघाटातील पारंपरिक कोरकू नक्षी. प्रेरणा: सातपुड्याच्या नद्या.

"मी कोरकू नाई," मी म्हनलं. "अन् मेळघाटात मी तुमच्याच बसमंधून गेली, एकदाच."

"लोकांना गोष्ट लागते हो. तुम्हाला काम पाहिजे ना? इथे सही करा."

जहाँआरानं मले कोपरानं ढोसलं. "लिखने दे. मोरी लिखती तो मेरी जाली टेबल पे कौन डालता?"

माह्या तोंडात शिव्या आल्या होत्या, एकीपेक्षा एक. त्या गिळल्या अन् सही केली. खरं सांगतो, मॅडमचा जेवढा राग आला त्याच्या दुप्पट माहा आला. पायरी डोळ्यापुढं दिसे, म्हनून केली.

फेब्रुवारीत अमरावतीतच एका मंगल कार्यालयात प्रदर्शन ठेवलं. दिल्लीचे साहेब येऊन पक्कं करनार होते. माय म्हने, मले बी घेऊन चाल. सत्तरी पार झाली तिची. एक डोळा मोतीबिंदूत गेला, दुसऱ्यानं धुरकट दिसते. मी नाई म्हनत होती. ती म्हने, "कावून, माहं पातळ हाय नं त्याच्यात?" मंग काय, आनली.

वाकळ भिंतीले टांगली होती. मायनं हात लावून आपलं पातळ ओळखलं. मंग बारीक टाक्यावर बोट ठेवलं अन् रेघेवरून चालली, वळनावर वळन. मी तिले आंधी काईच सांगतलं नोतं.

"नागअळी," ती म्हनली.

एवढ्या लोकाइनं पाह्यलं, एकानं नाई ओळखलं.

मंग तिचं बोट चिठ्ठीले लागलं. "हे काय हाय?"

"माहं नाव."

"नाव एवढं लांब असते काय? वाच."

माय शाळेत नाई गेली. मी काईबी वाचून दाखवलं असतं तं तिनं मान डोलवली असती. पन तिच्यासमोर जीभ नाई वळली. जसं लिवलं होतं तसं वाचलं.

मायनं चिठ्ठीवरचं बोट काढलं. मंग म्हने, "आपन कोरकू कवा झालो वं?"

"मॅडमनं लिवलं, माय."

"अन् सही?"

"माही."

"बाबासायबानं आपल्या हातात लेखनी देली थे यासाठी काय? त्या कोरकू बायाइचं नाव चोराले, अन् आपलं फेकाले?" तिचा आवाज चढला. आजूबाजूच्या बाया वळून पाहाले लागल्या. मले वाटलं, जमीन फाटंन तं बरं. पन मायचं संपलं नोतं. बोट पुन्हा रेघेवर गेलं अन् जिथं रेघ संपते तिथं थांबलं. "अन् ही अळी मधातच कावून थांबली?"

"पान तिथंच फाटलं होतं."

"म्हंजे अर्धं पान पाहून अख्खी वाकळ शिवली? अळी पानाच्या कडीले जाते, चंदे. कड आपल्या अंगावर ओढून घेते, घडी घालते, अन् त्या घडीत कोस करते. तीस वर्सं मी त्या घड्या उकलून पाह्यल्या. तुले हे बी ठावं नाई?"

नोतं ठावं. घडीवाली पानं तिथंच जाळत, आत जिती अळी राहे म्हनून. घरी माय फक्त रिकामी आने. मले कसं कळन? पन विचाराले काय झालं होतं? माय घरातच होती. मी शिवत होती अन् ती चार हातांवर लसून सोलत बसली होती. दीड महिना मॅडमले शिव्या घातल्या, का या बाईनं कधी पान पाह्यलं नाई. अन् जिनं जिंदगीभर पानं पाह्यली तिले मी एक शब्द नाई विचारला.

मी वाकळ भिंतीवरून काढली.

दामिनी मॅडम धावत आल्या. "काय करताय? साहेब गेटवर आलेत."

"येऊ द्या. काम बाकी हाय."

"चंदाताई, आता काढली तर दिल्ली विसरा."

उन्हाळा दोन महिन्यांवर होता. तरी मी चिठ्ठी फाडली, तिथंच फरशीवर बसली अन् पर्समधून सुई काढली. माय बाजूले बसली. रेघ मी कडीपर्यंत नेली, टाके वाकडे आले, येऊ देल्ले. मंग मायनं वाकळीची कड अंदाजानं दुमडली, अंगठ्यानं दाबून धरली, अन् म्हने, "आता शिव. पक्कं नको शिवू, तिले बाहेर निंघा लागते."

दुमडीत दोन टाके झाले तवा समोर बूट येऊन थांबले. मले बुटावरूनच कळलं, साहेब. मांगं मॅडम, तोंड उतरलेलं. साहेबानं वाकून पाह्यलं अन् विचारलं, "ये क्या है?"

मॅडम काई बोलाच्या आंधी मायनं मान वर केली.

"कीड हाय, साहेब," ती म्हनली. "आमची हाय. जरा सरका, तुमी उजेडाच्या आड उभे हाव."